सुटली की सोडली?

सन्माननीय अध्यक्ष महोदया, संस्थेचे कार्यवाह, व्यासपीठावरचे आमचे पशुवैद्य डॉक्टर, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपले मास्तर, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी आणि त्यांचा परिवार, या संस्थेतून आपला सोबती घेऊन गेलेले आणि आज त्याला घेऊनच आलेले सर्व स्त्री-पुरुष, प्रशिक्षक मंडळी, आणि खुर्च्यांखाली पाय पसरून पडलेले, या सभागृहातले सर्वांत शिस्तशीर श्रोते,

आरंभापूर्वी एक दुरुस्ती. सूत्रसंचालकांनी आत्ता मोठ्या प्रेमानं म्हटलं, ‘मास्तरांच्या हातून या संस्थेची प्रदीर्घ सेवा घडली.’ घडली? केस पिकतात, दूध नासतं, छत गळतं. या गोष्टी घडतात. सेवा करावी लागते. हे वाक्य कानावर पडताच मास्तरांची डावी भुवई कशी वर गेली, ते मी माझ्या खुर्चीवरून स्पष्ट पाहिलं. सत्कार त्यांचा आहे म्हणून ते गप्प बसले. माझ्यावर ते बंधन नाही.

एरवी मी मोजूनमापून बोलणारी बाई. पण आज सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. भाषणाची टाचणं टेबलावर ठेवून मी बाजारची पिशवी उचलून आले. तेव्हा आता जे बोलेन ते पिशवीसकट आणि टाचणांशिवाय असेल, हे आपण ध्यानात घ्यावं.

ज्या पाहुण्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. ज्यांना दिसत नाही अशा माणसांना रस्त्यानं सुखरूप नेणारे कुत्रे ही संस्था तयार करते. मी विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवते. बरं काय, वाईट काय आणि दोष कुणाचा, हा माझा धंदा. कुत्र्यांच्या अंतिम परीक्षेच्या मंडळावर मला अध्यक्ष म्हणून नेमण्याची कल्पना कुणाला सुचली हे मला आजवर कळलेलं नाही. पण मंडळ म्हणजे कार्यवाहसाहेब, डॉक्टर आणि मी. आणि आमच्या समोर उभे राहत ते मास्तर, कुत्र्याच्या पाठीवरच्या पट्ट्याचा दांडा हातात घट्ट धरून, मिशांना पीळ देऊन, परीक्षा जणू आमचीच आहे अशा थाटात.

मास्तरांच्या मैदानावर भाषेचा एक कायदा चालतो. इतरत्र मी तो पाहिला नाही. व्याकरणाच्या वर्गातही नाही. बँकेतली नोकरी सोडून प्रशिक्षक व्हायला आलेले एक गृहस्थ होते. आहेत, इथेच बसले आहेत, हसताहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातातून कुत्रा पळाला आणि थेट रस्त्यावर गेला. गृहस्थ धापा टाकत परतले, म्हणाले, “मास्तर, दोरी सुटली.”

मास्तर म्हणाले, “सुटली की सोडलीत?”

“नाही म्हणजे, माझ्याकडून सुटली.”

“तुमच्याकडून सुटली म्हणजे काय? तुमच्या शेजारून सुटली? दोरी कुणाच्या हातात होती?”

“माझ्या.”

“खिशातून रुमाल काढायला हात मोकळा कुणी केला?”

“मी.”

“मग?”

गृहस्थांनी रुमाल खिशात परत कोंबला. मग म्हणाले, “मी सोडली.”

“छान. आता चहा घ्या. आता तुम्हाला शिकवता येईल.”

आपल्या भाषेची ही केवढी मोठी सोय आहे, याचा विचार आपण कधी केला आहे का? काच फुटते आणि काच फोडतात. फांदी तुटते आणि तोडतात. एका स्वराच्या, एका व्यंजनाच्या फरकात माणूस वाक्यात शिरतो किंवा हळूच मागच्या दारानं निसटतो. ‘राहून गेलं’, ‘बोललं गेलं’, ‘हातून झालं’. आपण सभ्य माणसं या मागच्या दाराचा उंबरा झिजवून टाकतो! मास्तरांनी ते दार बंद केलं. त्यांचा कायदा असा: माणसाबद्दल बोलताना ‘केलं’ म्हणायचं, कुत्र्याबद्दल बोलताना ‘झालं’. कुत्र्यानं चप्पल फाडली असं म्हणायचं नाही; चप्पल फाटली, आणि ती त्याच्या तोंडापाशी कुणी ठेवली ते सांगायचं. कारण जाब ज्याला देता येत नाही त्याला जाब विचारणं हा क्रूरपणा आहे, आणि ज्याला देता येतो त्याला न विचारणं हा त्याचा अपमान आहे.

हा कायदा घरीही चालत असे म्हणतात. एकदा दूध उतू गेलं, आणि मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, “गेलं की घालवलंस?” वहिनींनी रिकामं भांडं ओट्यावर आपटलं आणि म्हणाल्या, “हे आपटलं. म्हणजे, मी आपटलं. बरोबर बोलले ना?” त्यानंतर स्वयंपाकघर त्या कायद्याच्या कक्षेतून वगळलं गेलं. म्हणजे, मास्तरांनी वगळलं!

आता माझ्या वर्गातलं सांगते. दरवर्षी कुणीतरी हुशार विद्यार्थी उठतो आणि म्हणतो, “मॅडम, चांगलं-वाईट हे ज्याचं त्याचं असतं. तुमचं तुम्हाला, माझं मला. त्यात खरं-खोटं काही नसतं.” मी मुकाट ऐकून घेते. मग निकाल लागतो, आणि तोच विद्यार्थी माझ्या खोलीच्या दारात लालबुंद होऊन उभा राहतो. “मॅडम, माझ्यावर अन्याय झालाय!” मी म्हणते, “तुझं तुला, माझं मला. माझ्या मते न्याय आहे. बस, पाणी पी.” त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते माझ्या साऱ्या व्याख्यानांहून अधिक स्पष्ट असतं. मी चुकले आहे, हे त्याला ठामपणे वाटत असतं. म्हणजेच, माझ्या आणि त्याच्या मर्जीपलीकडे असं काहीतरी आहे, ज्याच्याशी ताडून मी चुकू शकते. अर्थात मी चुकलेली नसते, हा भाग वेगळा.

आणि आता शाई.

काळीभोर, शाईच्या दौतीतून बुडवून काढल्यासारखी, म्हणून शाई. ती या क्षणी तिसऱ्या रांगेतल्या बाईंच्या पायाशी आहे. तिचं नाव घेतल्यावर मान वर केली बघा! झोप बाई, तुझंच चाललं आहे.

या बाई रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहेत. आखडलेले गुडघे आणि रुसलेले खांदे त्यांच्या हाताखाली वठणीवर येतात. जीभही हातांइतकीच जोरकस आहे. त्यांना दिसत नाही. शाई मिळण्यापूर्वी त्यांचा धाकटा भाऊ त्यांना रोज रुग्णालयात सोडत असे आणि परत आणत असे. मग भावाची बदली झाली. महिनाअखेरीस तो जाणार होता. रुग्णालयानं सौजन्यानं विचारणा केली होती की यापुढे आपण येणार कशा? सौजन्यानं विचारलेल्या अशा प्रश्नांचा अर्थ आपल्याला कळतो. सोबती मिळाला तर नोकरी राहील, नाही तर जाईल, एवढी साधी गोष्ट होती. शाई त्यांच्यासाठी ठरली होती. अंतिम परीक्षा तेवढी उरली होती.

परीक्षेचा प्रकार असा. प्रशिक्षकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, त्यानं कुत्र्याच्या भरवशावर गजबजलेल्या रस्त्यानं ठरलेल्या कोपऱ्यापर्यंत जायचं, आणि आम्ही तिघांनी मागून चालत पाहायचं. हुकूम तीनदा देऊनही कुत्रा हलला नाही, तर अनुत्तीर्ण. प्रशिक्षकानं चूक केल्याचं सिद्ध झालं, तर फेरपरीक्षा. नियमांचा मसुदा माझा आहे, तेव्हा तो निर्दोष आहे.

शाई सुरेख चालली. फळांच्या गाड्याला वळसा घातला, पायऱ्यांपाशी थांबली, रस्ता ओलांडताना वेगात आलेली सायकल जाऊ दिली. माझ्या मनात निकाल लागलासुद्धा होता. आणि आरशांच्या दुकानासमोर, रुंद, कोरड्या, स्वच्छ पदपथाच्या मधोमध ती थांबली.

“पुढे,” मास्तर म्हणाले.

ती हलली नाही.

“पुढे.”

तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या गुडघ्यांसमोर आडवी उभी राहिली.

“शाई, पुढे!”

ती तशीच आडवी. नियमाप्रमाणे परीक्षा तिथेच संपली.

मी पुढे गेले. छत्रीच्या टोकानं एकेक फरशी ठोकून पाहिली. वर पाहिलं: ना फांदी, ना तार, ना पाटी. खाली ना खड्डा, ना झाकण, ना ओल. आरसे दुकानाच्या आत, पाठ आमच्याकडे करून ठेवलेले. डॉक्टर वाकले, हुंगलं सुद्धा! काही नाही. तिथे काहीच नव्हतं.

कोपऱ्यावर भावाचा हात धरून उभ्या असलेल्या फिजिओबाईंना गलका ऐकू गेला. त्या आल्या. “काय झालं?” मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

आमचे कार्यवाह अतिशय दयाळू आहेत. ते मास्तरांच्या कानाशी गेले आणि मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, तुमचा हात जरासा मागे ओढला गेला असेल, नाही का?”

“हात माझा आहे. ओढला तर मला आधी कळेल. मी ओढला नाही.”

“अहो, तसं म्हणायचं. म्हणजे मॅडमना फेरपरीक्षा देता येईल.”

“मॅडमना काय देता येतं ते मॅडम बघतील. मी काय म्हणायचं ते मी बघतो.”

मग कार्यवाह माझ्याकडे वळले. “मॅडम, मास्तरांच्या हाताची खूण चुकली असं लिहून टाका ना.”

“मी लिहून टाकत नाही,” मी म्हणाले. “मी लिहिते. आणि जे पाहिलं तेच लिहिते.”

फिजिओबाईंचा बांध तिथे फुटला. “मास्तर, काय जातंय हो तुमचं? एक वाक्य! माझा भाऊ चाललाय, नोकरी चालली आहे, आणि तुम्ही शब्दांचा कीस काढताय?”

“माझं काही जात नाही, बाई,” मास्तर म्हणाले. पट्टी अजून डोळ्यांवरच होती. “तिचं जातं.”

“तिचं? तिला काय कळतंय!”

“तिला कळतं असं धरूनच तुम्ही तिच्या हाती जीव देणार आहात ना? मग आत्ताच कसं कळेनासं झालं?”

सभाजनहो, माझा राग आता अनावर झाला. “मास्तर,” मी म्हणाले, “तुमच्याच कायद्यानं कुत्र्याच्या बाबतीत ‘झालं’ म्हणायचं असतं. थांबणं झालं. विषय संपला.”

“काल सांगितलं असतं तर मान्य केलं असतं. मॅडम, मला दिसत नव्हतं. तुम्ही पाहत होतात. दुसऱ्यांदा मी ‘पुढे’ म्हटल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं का?”

मी खोटं बोलत नाही. “पाहिलं.”

“म्हणजे ऐकलं. मी काय मागतोय ते तिला समजलं. आणि मग आडवी आली?”

“हो. मग.”

“मग हे थांबणं ‘झालं’ कसं? थबकली असती तर झालं म्हटलं असतं. हिनं ऐकून, समजून, नाही म्हटलं. हे तिनं केलं. आणि तिनं केलेलं मी माझ्या नावावर कसं घेऊ?”

“पण समोर काहीही नव्हतं! ती चुकली!”

“चुकली असेल,” मास्तर म्हणाले, आणि काय सांगू तुम्हाला, त्यांच्या आवाजात एवढा अभिमान होता की जणू मुलीचा पहिला नंबर आला आहे. “चुकली म्हणा! बेलाशक म्हणा! घड्याळ मागे पडतं, मॅडम, ते चुकत नाही. चुकायला आधी कुणीतरी तिथे असावं लागतं.”

मी या एका वाक्यासाठी आज इथे आले आहे. मोठमोठ्या ग्रंथांत मी जे विस्कळीत वाचलं ते या माणसानं भररस्त्यात, डोळ्यांवर पट्टी बांधून, एका दमात म्हटलं. आणि ते ऐकून मी गप्प बसले असं कुणी समजू नये. मी तिथल्या तिथे उत्तर दिलं. म्हणाले, “अर्धंच सांगितलंत. चुकायला कुणीतरी असावं लागतं हे खरं; पण कशाच्या तरी बाबतीत चुकावं लागतं. पदपथ सुरक्षित होता की नव्हता, हे तुमच्या प्रेमावर ठरत नाही, बाईंच्या गरजेवर ठरत नाही आणि माझ्या छत्रीवरही ठरत नाही. म्हणून तर मी ठोकून पाहिलं!” मास्तर म्हणाले, “हेच तर मी म्हणतोय.” मी म्हणाले, “नाही, हे मी म्हणते आहे.” आणि डॉक्टर म्हणाले, “दोघंही तेच म्हणताय, आणि दुकानदार बाहेर आलाय.”

एवढ्यात फिजिओबाईंनी भावाचा हात सोडला. “मला द्या,” म्हणाल्या.

“काय?”

“दांडा. तुमचं व्याकरण आटपेपर्यंत मी बघते, तिचं म्हणणं काय आहे ते.”

मास्तरांनी दांडा त्यांच्या हातात दिला. त्याच जागी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “शाई, पुढे.” शाई त्यांच्याही गुडघ्यांसमोर आडवी आली. बाईंनी दुसऱ्यांदा ‘पुढे’ म्हटलं नाही. त्या जराशा थांबल्या, वाकून तिच्या मानेवर हात ठेवला आणि शेजारणीशी बोलावं तसं म्हणाल्या, “बरं बाई. इथून नको ना? मग दुसरी वाट शोध.”

शाई वळली. दुकानाच्या पायरीला लागून, भिंतीच्या कडेनं चार पावलं आत घेऊन तिनं त्यांना त्या जागेपलीकडे आणलं आणि तिथून सरळ कोपऱ्यापर्यंत नेलं.

मास्तरांनी डोळ्यांवरची पट्टी काढली. ते कोपऱ्याकडे पाहत होते, आणि मिशांचा पीळ, मी पाहिलं, किंचित सैलावला होता.

“मॅडम,” ते म्हणाले, “घ्या. आता खरी चूक घ्या. ती एकदा नाही म्हणाली, तेव्हा वाट बदलून विचारायचं असतं. हे मीच सगळ्यांना शिकवतो. मी तेच तेच तीनदा म्हटलं, कारण मागे तुम्ही तिघं होतात आणि मला तुमच्यापुढे हुकूम मोडून घ्यायचा नव्हता. हे माझ्याकडून झालं नाही. मी केलं.”

कार्यवाह उडालेच. “अहो, मग मघाशी हेच तर म्हणा म्हणत होतो!”

“नाही,” मास्तर आणि मी एकदम म्हणालो. आयुष्यात आम्ही तेवढ्या एकाच वेळी एकमतानं बोललो. मघाशी ते खोटं होतं. आता खरं होतं. दोन्ही वाक्यांतून फेरपरीक्षाच निघते म्हणून दोन्ही एक होतात का? एका वाक्यानं शाईचा नकार पुसला गेला असता, म्हणजे मास्तरांनी पुसला असता. दुसऱ्यानं तो तिचा तिच्याकडे राहिला आणि मास्तरांचं मास्तरांकडे आलं.

नियम स्पष्ट होता. प्रशिक्षकाची चूक सिद्ध. फेरपरीक्षा मी त्याच आठवड्यात घेतली, रस्ता मुद्दाम अधिक अवघड निवडला, आणि शाई उत्तीर्ण झाली. तिला मी पुरेपूर गुण दिले आहेत. मी ते सहसा कुणाला देत नाही. भाऊ ठरल्या दिवशी गेला. दुसऱ्या सकाळी रुग्णालयातून बाईंचा फोन आला. मास्तरांनी विचारलं, “पोचलात?” बाई म्हणाल्या, “तिनं नेलं, आणि मी गेले. चालेल ना हे वाक्य?” मास्तर म्हणाले, “धावेल.” आजही त्या त्याच रुग्णालयात आहेत. मागच्या महिन्यात माझा खांदा त्यांनीच वठणीवर आणला. तेव्हा रुग्णालयभर ऐकू गेलेली ती किंकाळी माझीच होती, हे मी इथे जाहीर करते.

आता आपण विचाराल, त्या पदपथावर होतं तरी काय? मला ठाऊक नाही! आणि हे मला सहन होत नाही. मी तिकडून कधीही गेले की छत्रीनं दोन फरशा ठोकते. आज सकाळीही ठोकल्या. दुकानदार आता मला आत बोलावून पाणी देतो. कदाचित तिथे काहीच नव्हतं आणि शाई साफ चुकली. कदाचित होतं आणि आम्ही तिघं शिकलेली माणसं चुकलो. पण यातलं एक खरं आहे, आणि ते कुणाच्या मर्जीनं बदलत नाही. ते मला कळेल न कळेल, मी ठोकणार. आणि ती चुकली असली तरी, ऐकून, समजून, दुसऱ्याच्या जिवासाठी धन्याला नाही म्हणण्याची तिची जी योग्यता आहे ती चुकीनं कमी होत नाही. जबाबदार कोण, असं माझे विद्यार्थी विचारतात. हल्ली मी त्यांना सांगते: ज्याला नाही म्हणता येत होतं तो. हो म्हणून गेलेला असला तरी तोच.

मास्तर, आपण निवृत्त होता आहात. होता आहात, की मंडळी आपल्याला करत आहेत, हा प्रश्न मी वहिनींवर सोपवते. उद्यापासून मैदानावर ती भुवई नसेल. पण आज दारातून येताना मी काय ऐकलं ते सांगते. हे आपले बँकेतले गृहस्थ, आता मुख्य प्रशिक्षक, एका नव्या बाईंना विचारत होते, “दार उघडं राहिलं? की ठेवलंत?” आणि मला, खरं सांगते, टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हातात पिशवी होती म्हणून वाजवल्या नाहीत. नाही. पिशवी खाली ठेवता आली असती. मी वाजवल्या नाहीत. आता वाजवते, आणि आपणही सगळ्यांनी वाजवाव्यात.

धन्यवाद. अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. संस्थेची, वहिनींची, फिजिओबाईंची, आणि शाईची, जिनं या साऱ्या भाषणात एकदाही आडवी न येता ते पुरं होऊ दिलं. आपला वेळ गेला नाही. तो मी घेतला. आणि आता रिवाजाप्रमाणे म्हणायला हवं की बोलण्याच्या ओघात माझ्याकडून काही चूक झाली असल्यास…

पाहा, पाहा! भुवई गेली वर!

मास्तर, मी केली असल्यास. मी, समजून, शुद्धीवर असताना, दुसरं काही म्हणता येत असताना केली असल्यास, आपण मला क्षमा करावी. होऊ द्यायची नाही. करायची.